क्षितिजरेषेचा पेच

समुद्राचे छायाचित्र काढणे पहिल्या पिढीच्या छायाचित्रकारांना इतके दुःसाध्य का वाटले, असा प्रश्न कोणी केला तर बहुधा एकच उत्तर पुढे येते : समुद्र क्षणभरही स्थिर राहत नाही, आणि त्या काळच्या मंदगती साधनांना हलत्या वस्तूचे वावडे होते. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, आणि माझ्या मते त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचे अर्धे आहे. लाटेचा बंदोबस्त छायाचित्रणाच्या पहिल्या सोळा-सतरा वर्षांतच झाला. खरा पेच पडला तो जिथे काहीच हलत नाही त्या क्षितिजाच्या रेषेपाशी, आणि तो उलगडण्यास पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दागेर या संशोधकाच्या छायाचित्रण-क्रियेचे रहस्य प्रकट करण्यात आले आणि फ्रेंच सरकारने त्याला सालीना सहा हजार फ्रँकांची नेमणूक करून देऊन ती विद्या जगाला मोकळी केली. त्याच्या आदल्याच वर्षी दागेरने पॅरिसच्या एका हमरस्त्याचे जे चित्र घेतले होते, त्यातून गाड्याघोड्यांची सारी वर्दळ नाहीशी झाली होती. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक इसम तेवढा उमटला. ज्या साधनाला भर रस्त्यावरची गर्दी दिसत नव्हती, त्याला समुद्र कोठून दिसणार? एडिंबरोजवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यात हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने १८४३ पासूनच्या चार-पाच वर्षांत कागदी निगेटिव्हवर घेतलेली चित्रे आजही अव्वल दर्जाची मानली जातात. त्यांत टोपल्या बाळगणाऱ्या कोळणी आहेत, वाळूवर ओढलेल्या नावा आहेत, नावांना रेलून उभे असलेले पुरुष आहेत. ज्याच्या जिवावर ही सारी वस्ती जगत होती तो समुद्र मात्र बहुतेक चित्रांतून गैरहजर आहे. त्या काळच्या बंदरांच्या चित्रांतही ओहोटीने चिखलात बसलेली गलबतेच पसंत केली जात, कारण पाण्यावर तरंगणारे गलबत डोलकाठीच्या टोकाशी हमखास धूसर होई.

१८५१ च्या सुमारास फ्रान्समधील ल हाव्र बंदरातील माकेर बंधूंनी दागेरच्याच क्रियेत सुधारणा करून लाटा आणि चालती जहाजे रुपेरी पत्र्यावर पकडून दाखवली, तेव्हा जाणकार चकित झाले. पण दागेरच्या चित्राची दुसरी प्रत निघत नसल्यामुळे तो पराक्रम ज्याच्या हाती ते पत्रे पडले त्याच्यापुरताच राहिला. समुद्राचे छायाचित्र खऱ्या अर्थाने शक्य झाले ते फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या क्रियेमुळे. आर्चरने या शोधाची सनद घेतली नाही. टॅलबट या दुसऱ्या संशोधकाने आपल्या जुन्या सनदेखाली या क्रियेवर हक्क सांगून पाहिला, परंतु १८५४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने तो अमान्य केला. आर्चर स्वतः १८५७ मध्ये विपन्नावस्थेत वारला.

ही क्रिया समुद्रकाठी कशी चालत असेल, याचा विचार केल्यावाचून तिच्या साधकांची योग्यता ध्यानात येत नाही. तीव्र तेजाबांत मुरवलेला कापूस ईथर आणि मद्यार्क यांत विरघळवून जो चिकट द्रव होतो, आणि जो त्या वेळी शस्त्रवैद्य जखमेवर पापुद्रा धरण्यासाठी वापरीत असत, तो आयोडाइडाचा क्षार मिसळून स्वच्छ काचेवर एकसारखा ओतावयाचा. तो पुरता सुकण्यापूर्वी काळोखात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची. ओलीच काढून कॅमेऱ्यात घालावयाची. प्रकाश दाखवून झाला की ओली असतानाच परत काळोखात नेऊन प्रतिमा फुलवावयाची आणि पक्की करावयाची. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटांची मुदत असे, कारण काच वाळली की तिची ग्रहणशक्ती संपली. याचा अर्थ असा, की छायाचित्रकाराला आपली काळोखी खोली तंबूच्या रूपाने किनाऱ्यावर न्यावी लागे, आणि ती उभारायची तिथे वारा, उडती वाळू आणि खारे तुषार हे तिघे वैरी तैनात असत. त्यांतला शेवटचा सर्वांत घातकी. कारण मिठाचा अंश आणि चांदीचे द्रावण एकत्र येताच पांढरा गढूळ साका तयार होतो, आणि किमती द्रावण नासते. चार पावलांवर अथांग पाणी पसरलेले असूनही काचा धुण्यासाठी गोडे पाणी पिंपातून वाहून न्यावे लागे, यातला विनोद त्या बिचाऱ्यांना त्या वेळी कितपत जाणवला असेल कोण जाणे.

एवढा सरंजाम सोसण्याचे फळ म्हणजे वेग. भिंगाचे टोपण हाताने काढून पुन्हा घालण्याऐवजी, भोक पाडलेली एक फळी भिंगापुढून आपल्या वजनाने खाली पडू दिली, की सेकंदाच्या अंशात काच उघडून मिटते. आणि उन्हात चकाकणारे पाणी मुळातच इतके तेजस्वी, की तेवढा अंशही पुरतो. वेल्समधील पेनलरगेर येथील जमीनदार जॉन डिलविन लेवेलिन याने कॅसवेलच्या उपसागरात फुटणाऱ्या लाटा अशाच स्वतः बनवलेल्या झडपेने टिपल्या, आणि गतीचे दर्शन घडवणाऱ्या त्याच्या चित्रमालिकेला १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रौप्यपदक मिळाले. लेवेलिन मोठा हिकमती गृहस्थ होता : पुढल्याच वर्षी त्याने मध आणि शिरका यांचे मिश्रण काचेवर चढवून ती अधिक काळ ओलसर ठेवण्याची युक्ती जाहीर केली, म्हणजे तंबूवाचून निदान काही दिवस हिंडता यावे. अनुभवी माणसे आणखीही एक गोष्ट शिकली होती. भिंगासमोरून आडवी धावणारी लाट काचेवर लवकर फिसकटते; समोरून अंगावर येणारी, आणि थोडी दूरची, पुष्कळ कमी. तेव्हा कोठे उभे राहावे हे सौंदर्यदृष्टीच्या आधी भूमितीनेच ठरत असे.

अशा रीतीने लाट हाती आली. आणि ती हाती येताच दुसरी अडचण उघडी पडली. कोलोडियनला निळा आणि जांभळा प्रकाश अतिशय प्रिय, हिरवा फारसा नाही, पिवळा-तांबडा तर जवळजवळ अदृश्यच. मानवी डोळ्याला जे आकाश गंभीर निळे दिसते, ते या काचेला पेटलेल्या भट्टीसारखे दिसे. पाण्याचा पोत आणि खडकांचा काळसरपणा उमटावा इतका वेळ काच उघडी ठेवली, तर आकाश जळून कोऱ्या कागदाइतके पांढरे निघे आणि ढगांचा मागमूस राहत नसे. ढगांसाठी वेळ कमी केला, तर खालचा समुद्र शाईचा हौद होई. डोंगराचे अथवा देवळाचे चित्र असले तर कोरे आकाश चालून जाते, कारण पाहणाऱ्याचे चित्त खालीच गुंतलेले असते. समुद्राच्या चित्रात आकाश हा अर्धा ऐवज आहे. तो पांढरा निघाला तर चित्रच अर्धे फाडल्यासारखे दिसते.

या पेचाची दोन उत्तरे एकाच माणसाने दिली. गुस्ताव ल ग्रे याचा जन्म १८२० चा, पॅरिसजवळच्या व्हिलिये-ल-बेल या गावचा. देलारोश या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हची त्याची पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी फ्रेंच सरकारने जुन्या इमारतींचे चित्रदप्तर तयार करण्यासाठी जे पाच छायाचित्रकार मुलखात रवाना केले त्यांत तो होता. १८५६ च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेला आणि तेथे त्याने दूरवर चाललेल्या एका दोनडोलकाठी जहाजाचे जे चित्र घेतले, ते त्या वर्षअखेर लंडनच्या छायाचित्रप्रदर्शनात लागताच त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रेक्षकांना ते चांदण्यातले दृश्य वाटले. वस्तुतः ते दिवसाढवळ्या, सूर्य ढगांआड असताना त्याच्याच दिशेने कॅमेरा रोखून घेतलेले होते. पाण्यावरील परावर्तित प्रकाश आकाशाच्या प्रकाशाच्या तोडीस यावा आणि दोहोंना मिळून एकच अल्प अवधी पुरावा, ही त्यातली मख्खी. बाकीचे सारे काळोखात गेले तर जाऊ द्यावे. जहाज छायाकृती होऊन उभे राहिले, आणि त्या उणिवेलाच लोक चंद्रप्रकाश समजले. हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर अधिक धाडसाचे, आणि अधिक वादग्रस्त. ढगांची निगेटिव्ह निराळी घेऊन ती छापताना जोडावी, ही सूचना इपोलीत बायार याने १८५२ मध्येच केली होती. ल ग्रेने समुद्रावर तिचा असा काही प्रयोग केला की त्याची बरोबरी पुढे फार थोड्यांना साधली. भूमध्य समुद्रकाठच्या सेत बंदरात १८५७ मध्ये घेतलेले त्याचे मोठ्या लाटेचे चित्र घ्या : डावीकडे बंदराच्या बांधाचे काळे दगड, पुढ्यात उसळून कोसळणारे पाणी, आणि वर जड, थरावर थर रचलेले ढग. पाणी एका काचेवरचे, ढग दुसऱ्या. अंड्यातील पांढऱ्याचा लेप दिलेला कागद छपाईच्या चौकटीत बसवून, आकाशाचा भाग झाकून आधी समुद्र उन्हात छापावयाचा, नंतर समुद्र झाकून आकाश; आणि दोहोंचा सांधा येतो तो नेमका क्षितिजावर. येथे समुद्राने आपल्या छळाची थोडी भरपाई केली असे म्हटले पाहिजे. अरण्याच्या किंवा डोंगराच्या कडेवर असा सांधा लपवणे म्हणजे पानापानाभोवती कातरी फिरवणे. समुद्राचे क्षितिज सरळ रेषेत असते, आणि त्या रेषेवर उजेडात फरक पडणे डोळ्याला स्वाभाविकच वाटते. त्या वेळी चित्र मोठे करून छापण्याची सोय नसल्यासारखीच होती. सुमारे तीस गुणिले चाळीस सेंटिमीटरची प्रत हवी तर तेवढीच मोठी काच किनाऱ्यावर ओतावी लागे, आणि एका चित्रासाठी तशा दोन.

ल ग्रेचे तेच ढग त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर आढळतात. हे उघडकीस आले तेव्हा काहींनी त्याला लबाड ठरवले, आणि आजही हा आक्षेप अधूनमधून डोके वर काढतो. मला तो पटत नाही. डोळा समुद्राकडे पाहतो तेव्हा लाटेवर आणि ढगावर तो एकाच वेळी ठरत नसतो. बाहुली लहानमोठी करीत तो वर-खाली फिरतो आणि मग मनात एक दृश्य जुळवतो. ल ग्रेने दोन काचांनी केले ते याहून फारसे निराळे नव्हते. फार तर एवढेच म्हणता येईल, की नॉर्मंडीचे आकाश भूमध्यावर तैनात करताना उजेडाची दिशा जुळते की नाही याचा हिशेब त्याने नेहमीच काटेकोरपणे ठेवला नाही. त्याची दुकानदारी मात्र त्याच्या कलेइतकी भक्कम नव्हती. १८५८ च्या ऑगस्टमध्ये शेरबूर बंदरात तिसऱ्या नेपोलियनने व्हिक्टोरिया राणीचे स्वागत केले, त्या आरमारी समारंभाची चित्रे घेणारा हा राजमान्य कलावंत दोनच वर्षांत चित्रशाळा मोडून कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाच्या गलबतातून भूमध्यसफरीवर निघून गेला, माल्टाला त्याच्यापासून विलग झाला, आणि पुढे कैरोत चित्रकलेच्या शिकवण्या करीत १८८४ मध्ये वारला. सेतच्या त्या लाटेची एक प्रत १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात ५,०७,५०० पौंडांस गेली. छायाचित्राला तोवर एवढी किंमत कधी आली नव्हती.

ही विद्या आपल्या किनाऱ्यास पोचण्यास विलंब लागला नाही. हिंदुस्थानातील पहिली छायाचित्रण-संस्था १८५४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत स्थापन झाली, कलकत्ता आणि मद्रास यांच्या दोन वर्षे आधी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिचंद चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार तयार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही या कलेत नावाजले होते. पण या मंडळींनी समुद्राचा पाठलाग केला असे दिसत नाही, आणि त्याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पहिले कारण दप्तरी आहे. कंपनी सरकारला छायाचित्रण हवे होते ते लेण्यांची, देवळांची आणि कोरीव लेखांची बिनचूक नोंद करण्यासाठी; कॅप्टन बिग्ज याला १८५५ मध्ये नेमले ते विजापूर, बदामी, ऐहोळे यांच्या वास्तूंसाठी. दगड हलत नाहीत, हा त्यांचा आणखी एक गुण. दुसरे कारण हवामानाचे : उष्म्यात ईथर भराभरा उडून जाई, आणि युरोपात पंधरा मिनिटे ओली राहणारी काच येथे त्याच्या निम्म्या वेळात दगा देई. आणि तिसरे खुद्द आपल्या समुद्राचे. हिवाळ्यात, जेव्हा ऊन स्वच्छ असते, तेव्हा कोकणचा दर्या एखाद्या तळ्यासारखा शांत असतो. आषाढात तो खवळतो तेव्हा आभाळ इतके दाटून येते की कोलोडियनला पुरेसा उजेड मिळावयाचा नाही. शिवाय हा किनारा पश्चिमाभिमुख, म्हणून दुपारनंतर सूर्य थेट भिंगात. ल ग्रेने मुद्दाम पत्करलेली ती अवस्था येथे रोज संध्याकाळी आपसूक प्राप्त होते.

तथापि दोन काचा जोडण्याची कला मुंबईला ठाऊक नव्हती असे नाही. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या रहिवाशांच्या जातीजमातींवर १८६३ आणि १८६६ मध्ये जे दोन खंड काढले, त्यांतील कित्येक माणसांची चित्रे आधी वेगळी घेतलेली असून ती नंतर घराबाहेरच्या दृश्यांवर बसवलेली आहेत. सेतमध्ये जी युक्ती डोळ्याला दिसलेले दृश्य परत मिळवण्यासाठी योजली गेली, तीच येथे जे कधी एका ठिकाणी नव्हते ते एकत्र दाखवण्यासाठी वापरली गेली. आणि लबाडीचा आक्षेप घ्यावयाचाच तर तो या खंडांवर घ्यावा.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. १८७१ मध्ये डॉ. मॅडॉक्स याने जिलेटिनची कोरडी काच सुचवली, १८७८ मध्ये बेनेटने ती उष्णतेने मुरवून अनेक पटींनी तीव्र केली, आणि किनाऱ्यावरचे तंबू उठले. लाटेचे छायाचित्र ही त्यानंतर अपूर्वाईची गोष्ट राहिली नाही. पण आकाश कोरे ते कोरेच. कारण नव्या काचाही निळ्या रंगाच्याच भक्त होत्या. त्यांना इतर रंग दिसावयास लावण्याचा मार्ग बर्लिनच्या फोगेल या रसायनज्ञाला १८७३ मध्ये सापडला : काचेच्या लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले की तो रंग जो प्रकाश शोषतो त्यालाही काच दाद देऊ लागते. प्रथम हिरवा-पिवळा वश झाला. तांबडा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मग भिंगावर पिवळी काच चढवून आकाशाचा निळा जोर थोपवला की ढग आणि पाणी एकाच निगेटिव्हवर नांदू लागले. मात्र पिवळी काच बराच उजेड खाते, त्यामुळे झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागे, आणि ज्या लाटेला जिंकल्याचा डंका चाळीस वर्षांपूर्वी वाजला होता ती पुन्हा धूसर होऊ लागे. साधन सुधारले की जुने कसब पुन्हा नव्याने शिकावे लागते, हे या धंद्यातल्या माणसांनी कुरकुरत का होईना मान्य केले.

हलत्या चित्रांनी आरंभीच समुद्राकडे धाव घेतली, यात नवल नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे याने १८९१ मध्ये नेपल्सच्या उपसागरातील लाट क्रमचित्रांत बद्ध केली. बर्ट एकर्स याने १८९५ मध्ये चित्रित केलेला डोव्हरचा खवळलेला समुद्र पुढल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना पडद्यावर दिसला. आणि ७ जुलै १८९६ या दिवशी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफाचा जो पहिला खेळ झाला, त्याच्या सहा चित्रांत 'समुद्रस्नान' हे एक होते. ऐन पावसाळ्यात, खरा अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर उधाणलेला असताना, एक रुपया मोजून फ्रान्सचा समुद्र पाहण्यास मुंबईकर गेले. या नव्या विद्येने झपाटलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे होते. मूळचे छायाचित्रकार असलेल्या या गृहस्थांनी पुढे विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये कुस्तीचा सामना आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचे स्वागत चित्रित केले. चलच्चित्राच्या फितीला तांबड्यासह सर्व रंगांची ओळख सर्रास झाली ती मात्र १९२० नंतरच्या दशकात. तोवर पडद्यावरील समुद्र डोंगराएवढा उसळे आणि त्यावरचे आकाश बहुधा चुन्याच्या भिंतीसारखे असे.

आजचा मोबाइलमधला कॅमेरा एका स्पर्शासरशी कमी-अधिक प्रकाशाची अनेक चित्रे घेऊन त्यांतून पाणी एकाचे आणि ढग दुसऱ्याचे निवडतो. ल ग्रेची सगळी मेहनत तो मालकाला न विचारता करतो, आणि त्याला कोणी लबाड म्हणत नाही. ज्याला हे काम स्वतःच्या हातात हवे असते, आणि म्हणून जो मोबाइल सोडून बदलत्या भिंगांचा मोठा कॅमेरा घेतो, त्याला विक्रेता एक काच हटकून दाखवतो : वरचा अर्धा भाग काजळी, खालचा स्वच्छ. जुने लोक आकाशाला कमी प्रकाश मिळावा म्हणून भिंगापुढे जी पट्टी तिरपी धरीत, तिचीच ही वंशज. हिची काजळी कडा क्षितिजावर नेमकी बसवली, की वर ढग आणि खाली फेस, दोन्ही शाबूत उतरतात. रत्नागिरीच्या मोकळ्या दर्यावर ती उत्तम चालते. मालवणच्या पुळणीवरून सिंधुदुर्गाकडे कॅमेरा रोखला की मात्र तटबंदी आणि तिच्या आतली माडांची शेंडेवाली रांग क्षितिजाच्या वर डोकावते, तेवढी काळवंडते, आणि तिथे एक तर दोन वेळा चित्र घेऊन जोडावे लागते किंवा तट काळा पडू द्यावा लागतो.